रॅटफिशचे चार पाय

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर या खोलीतला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," क्रिसांतो अबालोस म्हणाला, "आणि ठेवूही नये. विश्वास बसेल असं काही बोलणार नाही, असं मी सरकारला सहीनिशी लिहून दिलंय."

लॉर्ना व्हीच पर्स खांद्याला अडकवून उठायच्या बेतात होती. ती पुन्हा खुर्चीच्या कडेवर टेकली, पण पर्स काही तिने खाली ठेवली नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रेमर्टनमधला, जुन्या पाणबुडीवाल्यांचा तो क्लब. शनिवारची दुपार, बाहेर झिमझिम, आणि खिडकीतून समोर गोदी. गोदीत त्यांची जुनी पाणबुडी, रॅटफिश, पडून होती. तिचा माथा आधीच उतरवला होता, सोमवारपासून अंगाचे तुकडे पाडायला घेणार होते. म्हणून आज म्हातारे जरा जास्तच जमले होते आणि जरा कमीच बोलत होते. बर्निस, जी क्लबाचं काउंटर सांभाळते आणि या सगळ्यांना पोरांसारखी दटावते, तिने आज कुणालाच दटावलं नव्हतं.

लॉर्ना इथे लागोपाठ तिसऱ्या शनिवारी आली होती, आणि आली होती एका कोंबड्यांच्या पेटीच्या शोधात.

त्या पेटीची गोष्ट अशी. लॉर्नाचे वडील, डेल व्हीच, रॅटफिशवर पाणबुडे होते, म्हणजे बोटीबाहेर खोल पाण्यात उतरून काम करणारे. ज्या शरद ऋतूत लॉर्ना जन्मली, त्याच शरदात बोट लांबच्या फेरीवरून परत आली. धक्क्यावर बायका उभ्या, पोरं उभी, बँड वाजतोय. लॉर्नाची आई आर्डिथ तान्ह्या लॉर्नाला दुपट्यात गुंडाळून सगळ्यांच्या पुढे. एकेक करून सगळे उतरले, आपापल्या बायकांच्या गळ्यात पडले. डेल उतरलाच नाही. त्याला वाटेत हवाई बेटांवर, होनोलुलूत ठेवलंय, एवढंच कळलं. का, ते कुणाला ठाऊक नाही. कितीतरी आठवड्यांनी तो लंगडत घरी आला. डाव्या पायाची तीन बोटं नाहीत, हातात आर्डिथसाठी लाकडी अननस. म्हणाला, बोटीच्या शीतकपाटात गोठवलेल्या कोंबड्यांची पेटी पायावर पडली, इस्पितळात होतो. मग एक पत्र तरी? त्यावर गप्प.

आर्डिथने बाकीच्या बायकांना विचारलं. कुणाच्याच नवऱ्याला कसला अपघात माहीत नव्हता. झालं! तेव्हापासून त्या घरात कोंबड्यांची पेटी कायमची वस्तीला आली. डेलला यायला उशीर झाला की, "पेटी पडली वाटतं." डेल फोनवर हळू बोलला की, "होनोलुलूचा दिसतोय." आर्डिथने नवऱ्याला सोडलं नाही, पण त्याच्यावर विश्वासही ठेवला नाही, आणि दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत नेटाने केल्या. गेल्या हिवाळ्यात डेल गेला. उद्या रविवारी त्याची राख खाडीत सोडायची होती, होडी ठरली होती, आणि आर्डिथने सांगून टाकलं होतं, "मी नाही येणार. त्या अननसवालीला बोलवा."

आता बोटीवर कोंबड्या कुणाच्या ताब्यात? आचाऱ्याच्या. म्हणून लॉर्ना आज शेवटी सांतोकडे आली होती. सांतो, म्हणजे हा क्रिसांतो, फिलिपिन्समधल्या कॅवितेहून पोरवयात नौदलात शिरलेला, ताटं उचलता उचलता रॅटफिशचा मुख्य आचारी झालेला. आजही क्लबात येताना घरून लुंपियांचं, त्याच्याकडच्या सारण भरून तळलेल्या सुरळ्यांचं, भलंमोठं ताट आणायचा आणि कुणी कमी खाल्ल्या तर रुसायचा. तिने विचारलं, "अबालोसकाका, तुमच्या भटारखान्यात बाबांच्या पायावर पेटी पडली होती ना?"

आणि सांतो फणकारला होता, "माझ्या भटारखान्यात? पेटी? पोरी, माझ्या बोटीवर कधी अंडं पडलं नाही, पेटी कुठली पडते! कुणी सांगितलं तुला?"

लॉर्नाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "म्हणजे आईचंच खरं," आणि पर्स उचलली.

सांतोने तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या आयनार स्कॉगकडे पाहिलं. स्कॉग पाणबुड्यांचा मुकादम. अजून सगळे त्याला चीफच म्हणत. पाणबुडे राहायचे लोखंडी दाराच्या पलीकडे. त्या दाराआड काय झालं ते सांगू शकणारा आता एवढा एकच माणूस उरला होता, आणि तो सरकारला दिलेल्या गुप्ततेच्या वचनाला जागून गेले दोन शनिवार लॉर्नाला एकच वाक्य ऐकवत होता, "सांगता येत नाही, बाई." एरवी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसून राहायचा.

फक्त एका गोष्टीला ती गुळणी थोपवू शकत नसे. पाणबुडीत हुकूम मिळाला की ऐकणाऱ्याने तो शब्दन् शब्द परत म्हणायचा असतो. त्यात चूक झाली, तर ज्याच्या कानावर ती पडेल त्याने, मग तो भांडी घासणारा का असेना, तिथल्या तिथे 'चूक' म्हणायचं आणि बरोबर काय ते सांगायचं. कुणी 'चूक' म्हटलं नाही, तर ते बरोबर धरून झडप उघडायची. चुकीचं ऐकून गप्प बसणारा तिथे सगळ्यांना बुडवतो. नोकरी सुटते, ही खोड सुटत नाही. आत्ताच बर्निस बशी आदळत म्हणाली होती, "चीफ, एक काळी कॉफी, एक लिंबाचा केक," आणि स्कॉगने मानही न वळवता सांगितलं होतं, "चूक. एक काळी कॉफी, एक सफरचंदाचा केक."

तर, सांतोने लुंपियांचं ताट लॉर्नाकडे सरकवलं आणि घसा खाकरला.

"रॅटफिश," तो म्हणाला. "नावापासूनच सुरुवात करू. नौदल तेव्हा पाणबुड्यांना माशांची नावं द्यायचं. चांगले मासे आधीच संपले होते. उरला हा. सशाचं तोंड, उंदराची शेपूट, जाळ्यात आला की कोळी शिव्या देऊन परत फेकतात. बारशाला आलेल्या सेनेटरच्या बायकोने नाव वाचलं आणि बोटीवर फोडायची शँपेनची बाटली नवऱ्याच्या डोक्यात घातली."

"कुणाच्या?" मिलार्ड प्रुइट म्हणाला. रॅटफिशवर पाण्यातले आवाज ऐकणं ही मिलार्डची नोकरी होती. दहा मैलांवरचा देवमासा खोकला तरी त्याला कळायचा. आता शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नसे.

"तुझ्या!" सांतो त्याच्या कानात ओरडला. "बरं. बोट बांधली होती क्षेपणास्त्रं फेकायला. पुढच्या अंगाला पाठीवर हे एवढं दार, चर्चचा ऑर्गन आत जाईल असं. पण बोट पाण्यात उतरेपर्यंत ती क्षेपणास्त्रं जुनी झाली. मग उरलं काय? एक अणुभट्टी आणि पोटात एक रिकामी गुहा. अशा बाईचं करायचं काय? वॉशिंग्टनात कुणालातरी कल्पना सुचली. बोट गोदीत आणली, मधोमध पावासारखी कापली, मध्ये एक तुकडा घातला आणि परत जोडली. असं तीनदा केलं."

"एकदा," स्कॉग केकाकडे बघत म्हणाला.

"एकदा? बरं, चीफ म्हणतात तर एकदा." सांतोच्या डोळ्यांच्या कडा किंचित सुरकुतल्या. लॉर्नाला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. "त्या गुहेत तारा आल्या, कॅमेरे आले, माझ्यासारख्याने बघू नयेत अशी यंत्रं आली. आणि जागा कुणाची गेली? माझी! बटाटे खलाशांच्या बिछान्यात झोपायचे आणि खलाशी बटाट्यांवर."

"हे खरं आहे," मिलार्ड म्हणाला. नेमकं हेच त्याला ऐकू आलं होतं. "माझ्या पाठीला अजून वळ आहेत."

"मग पाठीवर एक भलंमोठं पिंप बसवलं. वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, बुडालेल्या बोटीतल्या माणसांना वाचवायला ही छोटी होडी आहे. होडी! जन्मात एकदाही सुटली नाही ती बोटीवरून. सुटणार कशी, डाग देऊन चिकटवलेली! तिच्यात राहायचे आपले पाणबुडे. तुझे बाबा, हे चीफ आणि त्यांची टोळी. खोल पाण्यात उतरायचं तर दिवसचे दिवस तिथेच दाबाखाली कोंडून घ्यायचं. मी एका दुहेरी झडपेतून ताटं सरकवायचो. आत दाब असा, की माझा फुगलेला केक आत जाईपर्यंत बशी व्हायचा. आणि आतली हवा अशी, की हे एवढाले बाप्ये फोनवर बदकासारखे बोलायचे. तुझे बाबा सगळ्यात गोड बदक. 'सांतो, पीच आहेत का? सांतो, अजून पीच आहेत का?'"

लॉर्ना हसली. बाबा पीचचा डबा सुरीने उघडून उभ्या उभ्याच खायचे. पर्स तिच्या मांडीवर आली.

"आणि मग," सांतो आवाज खाली आणत म्हणाला, "रॅटफिशला पाय फुटले. चार पाय."

स्कॉगचं तोंड उघडलं. मग त्याने त्यात केकचा मोठा तुकडा कोंबला.

"पाणबुडीला पाय?" बर्निस काउंटरवरून म्हणाली. "सांतो, लाज बाळग. मुलीचा बाप गेलाय."

"अगं, बर्फावरच्या घसरगाडीला खाली लांब पट्ट्या असतात ना, तसे. समुद्राच्या तळाशी जाऊन बसायचं होतं, तर पोट घासू नये म्हणून. चार पाय, आणि बोट त्यावर चालायची. सावकाश, म्हाताऱ्या गाईसारखी. कुठल्या समुद्रात ते विचारू नका, मला कुणी सांगितलं नाही. एवढंच सांगतो, की बटाट्यांना कोंब फुटेनात इतकी थंडी. आणि अणुभट्टी म्हणजे काय, सदा तापलेली चूल. तिचं गरम पाणी बाहेर जायचं. झालं! त्या समुद्रातले गारठलेले खेकडे शेकायला आमच्या अवतीभवती जमू लागले. आधी टोपलीएवढे. ऊब लागली तसे वाढले. टेबलाएवढे झाले. एक तर असा माजला, की आमच्या कप्तानाची जीप त्याच्या पाठीवर उभी राहिली असती."

"जीप कुणी पाहिली पाण्याखाली?" बर्निस म्हणाली.

"ती खेकड्याने पाहिली नाही म्हणून तर वाचली. आता बघा, मी आचारी. महिनाभर डब्यातलं शिजवतोय. बाहेर खेकडे दार ठोठावतायत. मी फोन केला पाणबुड्यांना. म्हटलं, रात्रीच्या जेवणाला दोन-चार घेऊन या. तुझे बाबा म्हणाले, मी जातो."

"बाबा खेकडा खात नसत," लॉर्ना म्हणाली. "वास सुद्धा सहन व्हायचा नाही त्यांना."

"नंतर! नंतर सोडला. का सोडला तेच सांगतोय. तर तुझे बाबा निघाले. अंगात काय? एक बनियन आणि लोकरीचे मोजे. आणि थंडी वाजू नये म्हणून मी वरून नळीने त्यांच्या पोशाखात गरम कॉफी सोडत होतो. साय घालून."

"पाणी," स्कॉग म्हणाला. "गरम पाणी."

म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. बर्निसचं फडकं काउंटरवर जागच्या जागी थांबलं. हा माणूस पाण्यात उतरला होता, एवढं सुद्धा आजवर या खोलीत त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. लॉर्नाने स्कॉगकडे पाहिलं. स्कॉगने काटा बशीच्या डाव्या बाजूला ठेवला, मग उजव्या बाजूला ठेवला.

"पाणी तर पाणी," सांतो उदारपणे म्हणाला. "पोरी, तू लुंपिया घेतली नाहीस. घे. तर त्या दिवशी वर वादळ. एरवी आम्हाला वादळाचं काय? वर जग उलथलं तरी खाली माझ्या सुपावर तरंग उठत नसे. त्या दिवशी मात्र बोट उचलली गेली. अख्खी बोट, पाण्याने, पाळण्यासारखी. उचलायची, आपटायची, पुन्हा उचलायची. माझं सूप छतावर गेलं, ते खोटं नाही, डाग शेवटपर्यंत होता. आणि त्याच वेळी बोटीच्या बाहेर, अंधारात, दोघंजण. तुझे बाबा आणि हे चीफ."

सगळे पुढे झुकले होते. मिलार्ड सुद्धा चांगला कान असलेली बाजू पुढे करून बसला होता.

"आणि आला खेकडा! तोच, जीपवाला. एक नांगी चीफकडे, एक नांगी डेलकडे. आता तू सांग पोरी, तुझ्या बाबांनी काय केलं असेल?"

"काय केलं?"

"धूम ठोकली."

लॉर्नाने उचललेली लुंपिया तोंडाशीच राहिली.

"वळले, पाय झाडले, सरळ झडपेत घुसले. चीफ बाहेर आहेत की मेलेत, मागे वळून पाहिलंही नाही. झाकण ओढून घेतलं. पण घाईत डावा पाय राहिला बाहेर, आणि खेकड्याने तीन बोटं नेली. घाबरट माणूस, दुसरं काय. म्हणून तर होनोलुलूत लपून बसला. तोंड दाखवायला लाज वाटत होती."

"अबालोसकाका," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "गंमत पुरे. बाबा पळाले नसते."

"तू होतीस तिथे?"

"मी... नव्हते. पण बाबा..."

"तू नव्हतीस. मीही नव्हतो, मी छतावरचं सूप पुसत होतो. पाणबुडीचा नियम तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. एकाने बोलायचं. चूक असेल तर ज्याला माहीत आहे त्याने 'चूक' म्हणायचं. कुणी काही म्हटलं नाही, तर बरोबर." सांतोने दोन्ही हात पसरून खोलीभर पाहिलं. सगळीकडे पाहिलं, फक्त स्कॉगकडे नाही. "डेल व्हीच आपल्या सोबत्याला पाण्यात सोडून पळाला. कुणी काही म्हणतंय? नाही. म्हणजे बरोबर. घरी जा आणि आईला सांग."

"सांतो!" बर्निसने फडकं फेकलं. "म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीस का? पोरीला रडवतोस?"

लॉर्ना उठली. रागाने तिची मान लाल झाली होती. पर्सचा पट्टा खुर्चीत अडकला, तो तिने झटका देऊन सोडवला आणि कुणाकडे न बघता दाराकडे चालू लागली. खरं म्हणजे तिला सांतोचा राग आला नव्हता. राग आला होता तो मनात कुठेतरी, अगदी खोल, एका क्षणासाठी, ते खरं वाटलं याचा. लाकडी अननस. बंद ओठ. आईचे टोमणे मान खाली घालून ऐकून घेणारा बाप. निर्दोष माणूस असा ऐकून घेतो का?

तिने दाराची मूठ धरली.

"चूक!"

आवाज इतका मोठा होता, की मिलार्ड दचकून आपल्या कानाला हात लावून बघू लागला. आयनार स्कॉग उभा राहिला होता. खुर्ची मागे पडली होती. तो सांतोकडे बघत नव्हता, लॉर्नाकडेही नाही. समोर भिंतीत जणू फोन होता आणि तो त्यात बोलत होता, पाण्याखालून बोलतात तसा, तुटक, एकेक शब्द वेगळा.

"चूक. व्हीच पळाला नाही. बोट उचलली गेली तेव्हा व्हीच झडपेपाशी होता. आत पोचला. सुरक्षित होता. माझी नळी बोटीच्या पायाखाली सापडली. गरम पाणी बंद. हवा बंद व्हायला आली. व्हीच परत बाहेर आला. त्याला हुकूम नव्हता. मी सांगितलं, आत जा. त्याने ते परत म्हटलं नाही. ऐकलंच नाही असं केलं. हाताने चिखल उपसला. बोट वर गेली तेव्हा त्याने नळी ओढून काढली. बोट खाली आली तेव्हा त्याचा डावा पाय खाली होता. तळ मऊ होता म्हणून बोटांवर भागलं." तो श्वास घ्यायला थांबला. "होनोलुलूत इस्पितळाच्या खोलीला पहारा होता. पत्राची मनाई होती. पेटी माझी. बायकोला काय सांगू, असं त्याने विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही. कोंबड्यांची पेटी मी सांगितली."

बर्निसच्या हाताला फडकं सापडत नव्हतं, म्हणून तिने ॲप्रननेच डोळे पुसले.

लॉर्नाचा हात अजून मुठीवर होता. ती हळूहळू बोलली, पाढा म्हणणाऱ्या मुलीसारखी, एकही शब्द सुटू नये म्हणून.

"बाबा आत पोचले होते. सुरक्षित होते. तुमच्यासाठी परत बाहेर आले."

"बरोबर," स्कॉग म्हणाला.

"होनोलुलूत कुणी बाई नव्हती."

"एक होती. नर्स. साठीची. मिशा होत्या तिला." स्कॉगने खुर्ची उचलून सरळ केली, पण बसला नाही. "उद्या होडी किती वाजता आहे? तुझ्या आईला मी आणतो. तिला स्वतः सांगतो. समुद्र कुठला ते विचारायचं नाही, बाकी सगळं सांगतो."

मग तो सावकाश सांतोकडे वळला. सांतो ताटातल्या उरलेल्या लुंपिया मोठ्या एकाग्रतेने एका रांगेत लावत होता.

"आणि तू," स्कॉग म्हणाला, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडावं तसं त्याचं बोट सांतोच्या नाकासमोर आलं. "एक नंबरचा खोटारडा! खेकडा नव्हता. बनियन नव्हतं. बोट चालायची नाही, बसायची. आणि पाय दोन होते, सांतो! दोनच! चार नव्हते!"